लाटणे घरी, मालकी कोणाकडे?

श्रोतेहो, घरात बसून केलेल्या उत्पादनाला आर्थिक भवितव्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर हात आणि यंत्र यांच्या स्पर्धेत शोधण्याची आपल्याला सवय झाली आहे. मला ते मालकीच्या प्रश्नात सापडते, आणि म्हणून आपल्याच राज्यातील दोन धंदे मी आज शेजारी-शेजारी ठेवणार आहे.

पहिला सोलापूरच्या विडीचा. बाई कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू मोजून आणते, पाने भिजवून कात्रीने कापते, सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, दोऱ्याने बांधते आणि तयार माल परत नेऊन देते. मजुरी हजार विड्यांमागे ठरलेली असते. तपासणीत ज्या विड्या बाद होतात, त्यांच्यामागचे तिचे कष्ट वाया जातात. १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले, हे मोठेच पाऊल होते. परंतु विडी कोणत्या भावाने विकायची, हे ठरवताना तिला आजही कोणी विचारत नाही.

दुसरा धंदा लिज्जत पापडाचा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटले. कामाची रीत विडीसारखीच आहे: सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ न्यायचे, घरी लाट्या करून पापड लाटायचे, वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी तोलून देऊन लाटण्याची मजुरी घ्यायची. फरक एवढाच, की इथे लाटणारी बहीण संस्थेची भागीदार आहे आणि नफ्यात तिचा वाटा आहे. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी, आणि बाहेर पाऊस कोसळत असतानाही काम चालू. मला ही खाट फार महत्त्वाची वाटते, कारण स्वतःच्या धंद्यातली अडचण सोडवण्यासाठी पैसा कुठे घालायचा, हा निर्णय लाटणाऱ्या बायकांनी स्वतः घेतला होता.

आज बचत गटांच्या प्रदर्शनांत मी पुष्कळ हिशेबाच्या वह्या पाहतो. उडदाची डाळ, पापडखार, हिंग, पिशव्या, गाडीभाडे हे सारे त्यांत व्यवस्थित मांडलेले असते; लाटणारीचे तास मात्र कुठेच नसतात. तिची मजुरी खर्चात धरली, की वहीतला बराचसा ‘नफा’ नाहीसा होतो. अशा हिशेबावर ठरवलेला भाव स्वस्त दिसतो आणि माल खपतोही, पण खप वाढेल तसे तिचे फुकटचे कष्टच वाढत जातात.

यावर उपाय म्हणून कर्ज आणि अनुदान यांचीच चर्चा अधिक होते. मला विकलेल्या मालाच्या पैशांच्या वसुलीची काळजी जास्त वाटते. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार, लेखी करार असला तरी नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेच लागतात, अन्यथा व्याज चढते. परंतु जिचा माल तालुक्याच्या एकाच दुकानात जातो, ती बाई दुकानदाराविरुद्ध तक्रार करील कशी? पुढच्या महिन्यात त्याने माल घेतला नाही, तर तिच्या पिठाचे पैसेही अडकतील. वीस जणींचा माल एकाच नावाने आणि एकाच भावाने दुकानात गेला, तर उधारी थकवण्याआधी तोच दुकानदार दोनदा विचार करतो.