दार कुणी उघडलं?

पडद्यावर एक बंद दार. दारापाशी थबकलेला माणूस. खाली दोन पर्याय: उघडायचं की मागे फिरायचं? सेकंद संपत चाललेत, मतांच्या दोन पट्ट्या मागेपुढे होताहेत, चॅटमध्ये एकच गलका: "उघड, उघड!" आपणही मत देऊन टाकतो. दार उघडतं. आतलं बघून आपण दचकतो, पण खरी बोच नंतर लागते. त्याला आत आपणच धाडलं.

प्रेक्षकांच्या मतांवर चालणाऱ्या लाइव्ह भयमालिकेची ताकद इथे आहे. एरवी नायक तळघरात उतरतो, तेव्हा "कशाला मरायला जातोय?" असं म्हणून आपण हात झटकतो. इथे ती सोय नाही.

कल्पना मात्र इंटरनेटच्याही आधीची. १९६१ साली अमेरिकी दिग्दर्शक विल्यम कॅसल यांनी 'मिस्टर सार्डोनिकस'च्या प्रेक्षकांना अंधारात चमकणारी कार्डं वाटली. त्यांवर अंगठ्याचं चित्र. वर धरला तर खलनायकाला माफी, खाली धरला तर शिक्षा. कॅसल पडद्यावर येऊन मतं मोजायचे आणि निकाल लागायचा तो शिक्षेचाच. माफीचा शेवटही चित्रित केलाय, असं ते सांगत. ते रीळ आजवर सापडलेलं नाही.

१९६७ साली मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेक दिग्दर्शक रादूझ चिन्चेरा यांचा 'किनोऑटोमॅट' हा चित्रपट आला. ती भयकथा नव्हती, विनोदी कथा होती. खुर्चीला हिरवं आणि लाल बटण. चित्रपट मध्येच थांबे, निवेदक मंचावर येई आणि बहुमताने पुढचा प्रसंग ठरे. पण कुठलीही वाट धरा, शेवटी आग लागायचीच.

याला फसवणूक म्हणण्याआधी गणित बघा. दोन-दोन पर्यायांचे दहा प्रश्न, आणि प्रत्येक वाट वेगळी ठेवायची म्हटली, तर १०२४ शेवट लिहावे लागतील. म्हणून लेखक वाटा फोडतात आणि पुढे कुठेतरी पुन्हा एकत्र आणतात.

लाइव्हमध्ये आणखी एक पेच असतो. चित्र प्रेक्षकांपर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचतं. मतं येईपर्यंत नटाला प्रसंग तोलून धरावा लागतो: कडीवर हात, रोखलेला श्वास, दाराला लावलेला कान. माझ्या मते सगळ्यात भेदक अभिनय याच फटीत होतो.

मे २०२३ मध्ये ट्विच या लाइव्ह प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर आलेल्या, रॅनबू या स्ट्रीमरच्या 'जनरेशन लॉस' मालिकेने तर हे मतदानच कथेत ओवलं. एका काल्पनिक कंपनीच्या कार्यक्रमात अडकलेली माणसं, आणि त्यांचं काय करायचं ते सांगणारे आपण. मत देणारा इथे कैदेचा भागीदार होतो. या प्रकारातली ही सगळ्यात धीट चाल.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला 'सायलेंट हिल' या भयपट-धाटणीच्या व्हिडिओ गेमवरून बेतलेली 'सायलेंट हिल: असेन्शन' ही मतांवर चालणारी मालिका सुरू झाली. त्यात मतावर गुण लावायचे होते आणि ते गुण पैसे देऊनही घेता येत. त्यावर सडकून टीका झाली, आणि ती रास्तच होती. ज्याच्या खिशात जास्त त्याचा कौल जड, म्हटल्यावर बाकीच्यांच्या अंगावरची जबाबदारी उतरते. तिच्यासोबत भीतीही उतरते.

प्रक्षेपण संपलं की उरतं ते रेकॉर्डिंग. ते बघणाऱ्यालाही पर्याय दिसतात, पट्ट्या सरकताना दिसतात. फक्त त्याचं मत कुठेच मोजलं जात नाही.