तांदळाच्या कणीएवढा

(दृश्य: रेल्वेची खिडकी, पारसिकचा बोगदा)

ठाणे सोडलं की पारसिकचा बोगदा. 1916 सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. खिडकी एकदम काळी होते, काचेत आपलाच चेहरा दिसतो आणि मिनिट-दोन मिनिटांत मुंब्र्याचा उजेड.

काहींना हा उजेड नकोच असतो.

(दृश्य: काळा पडदा, त्यावर सरकणारा फिकट ठिपका)

ड्रॅक्युलॉइड्स ब्रॅमस्टोकरी. मुक्काम बॅरो बेट, पश्चिम ऑस्ट्रेलिया, चुनखडीच्या गुहा. हार्वी आणि हम्फ्रीज या शास्त्रज्ञांनी 1995 साली त्याचं बारसं केलं, ते थेट ड्रॅक्युलाच्या लेखकाच्या नावानं. घाबरू नका, स्वारी तांदळाच्या कणीएवढी आहे.

विंचू म्हणावा, तर नांगी नाही. कोळी म्हणावा, तर जाळं नाही. स्किझोमिडा हा त्याचा गण. आम्ही आपलं 'आखूडशेपट्या' म्हणतो. डोळे नाहीत. पाय आठ, पण चालतो सहांवर. पुढचे दोन लांब पाय आंधळ्याच्या काठीसारखे चाचपडत असतात.

शेपटीचं काम ऐका. या गणात नराची शेपटी टोकाला फुगीर असते. मीलनाच्या वेळी मादी ती जबड्यात धरते आणि त्याच्या मागोमाग चालते, शेल्याला गाठ मारल्यासारखी. नर जमिनीवर शुक्राणूंची पुडी ठेवतो आणि तिला बरोबर तिच्यावर नेऊन उभं करतो. सप्तपदी वगैरे तेवढ्यातच.

(दृश्य: लाल, उजाड माळ)

हा मुलूख पूर्वी ओल्या जंगलांचा होता. तो सुकत गेला, तसे यांचे पूर्वज ओलीच्या मागे जमिनीखाली गेले, असं मानतात. बेटासमोरच्या किनाऱ्यावर पिलबरा नावाचा प्रदेश आहे, तिथे लोहखनिजाच्या सपाट टेकड्या आहेत. तिथे टेकडी बदलली की बऱ्याचदा आखूडशेपट्याची जातही बदलते. एक टेकडी म्हणजे एका जातीचं अख्खं जग.

(दृश्य: पारसिकचा डोंगर, कापलेली कडा)

आपल्या डोंगरात सुरुंग लावताना आत कोण राहतं, असं कुणी विचारलं असेल? मला नाही वाटत. पिलबरात विचारलं. 2007 साली तिथल्या पर्यावरण प्राधिकरणानं याच जिवांपायी एका खाणीला परवानगी देऊ नये, असा सल्ला दिला. पुढे खाण झालीच, पण टेकडीचा एक पट्टा न खणण्याच्या अटीवर.

त्या पट्ट्यात खनिज आहे, ओल आहे आणि दोन पाय पुढे करून चाचपडणारी ही कणी.