अर्ध्या तासाचा उंदीर

नमस्कार श्रोतेहो. आज आठवणीबद्दल बोलायचंय, आणि त्यासाठी तुम्हाला आधी एका हौदापाशी नेतो.

हा हौद रिचर्ड मॉरिस यांचा, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातला. १९८१ साली त्याची माहिती छापून आली. गोल हौद, आणि पाण्यात चक्क दूध ओतलेलं. दुधाचं पातेलं विसळल्यावर पाणी कसं गढूळ पांढरं होतं, तसं. त्या पाण्याखाली जेमतेम एक सेंटिमीटरवर एक छोटा चौथरा. वरून दिसत नाही. आता उंदीर सोडा. पोहायला तो पटाईत, पण पाण्यात राहणं त्याला नको असतं. आधी काठाकाठानं फेऱ्या मारतो, मग कधीतरी पाय चौथऱ्याला लागतो. वर चढतो, मिशांतून पाणी गळतंय, आणि मागच्या पायांवर उभा राहून आजूबाजूला बघून घेतो. काही खेपांनंतर त्याला हौदात कुठूनही सोडा, तो सरळ चौथऱ्याकडे निघतो. डोळ्यांना न दिसणारी जागा, केवळ आठवणीवर! उंदराला बिनडोक म्हणणाऱ्यांनी हे एकदा पाहावं.

पुढची गोष्ट १९९८ सालची, कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनची. द क्वेर्व्हेन, रोझेंडाल आणि मॅगॉ या तिघांनी उंदरांना असाच चौथरा शिकवला. दुसऱ्या दिवशी परीक्षा. पण परीक्षेआधी पायाला विजेचा झटका. काहींना २ मिनिटं आधी, काहींना ३० मिनिटं, काहींना ४ तास. २ मिनिटंवाले नीट पोहले. ४ तासवालेही नीट पोहले. अडखळले ते ३० मिनिटंवाले. पुन्हा सांगतो, फक्त अर्ध्या तासापूर्वी झटका बसलेले.

कारण रक्तात आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या ग्रंथी असतात. ताण आला की उंदरात त्या कॉर्टिकोस्टेरोन नावाचं संप्रेरक सोडतात, माणसात कॉर्टिसॉल. ते रक्तात चढायला वेळ लागतो आणि उतरायलाही. ते बनूच नये असं औषध दिलं, तर झटका बसूनही उंदरांना जागा आठवली. झटका न देता नुसतं संप्रेरक टोचलं, तर उंदीर चुकले. म्हणजे आठवण पुसली नव्हती. ती आत होती, फक्त त्या वेळी हाती लागत नव्हती. आणि हेच संप्रेरक शिकून झाल्याबरोबर बेतानं दिलं, तर आठवण उलट पक्की होते. शिकल्यानंतर मदत, आठवायच्या वेळी अडथळा. वेळेचा खेळ आहे सगळा.

परीक्षा जवळ आल्या की स्मरणशक्तीच्या बाटल्यांच्या जाहिराती सुरू होतात. मला त्या अजिबात पटत नाहीत. त्यापेक्षा परीक्षा केंद्राच्या फाटकापाशी जा. पेपरला अर्धा तास उरलाय आणि आईबाबा विचारतायत, "तो सिद्धांत म्हणून दाखव बघू! काल येत होता, आज का येत नाही?" मुलाचा चेहरा पांढराफटक. मीही हे केलंय, पुतण्याच्या दहावीला. तो गणिताचा पेपर कोरा टाकून आला, आणि संध्याकाळी चहा पिताना सगळी सूत्रं धडाधड म्हणाला.

यंदा भाचीला सोडायला गेलो होतो. पुस्तक पिशवीतच राहू दिलं. कडुलिंबाखाली उभं राहून दोघांनी कलिंगडाच्या फोडी खाल्ल्या, घंटा होईपर्यंत.