चेडी जगन : मजुरांचा पुढारी आणि जातीच्या भिंती

मित्रहो,

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर ब्रिटिश गियाना नावाची एक वसाहत होती, आजचा गयाना देश. तिथल्या पोर्ट मुरंटच्या साखरमळ्यावर २२ मार्च १९१८ रोजी चेडी जगन यांचा जन्म झाला. त्यांचे आईवडील उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातले. दोघंही तान्ही असताना, गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, निघालेल्या आपापल्या आईबरोबर समुद्र ओलांडून तिथे पोचली होती. कळती झाल्यावर तीही मळ्यावर राबू लागली. वडील पुढे ऊसतोड टोळीचे मुकादम झाले. अकरा भावंडांत चेडी थोरले.

या माणसाची पुढची सगळी लढाई समजायची असेल तर मळ्याचं गणित आधी पाहायला हवं. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ मध्ये आफ्रिकी मजूर खऱ्या अर्थाने मोकळे झाले आणि मजुरीचा भाव मागू लागले. त्याच वर्षी हिंदुस्थानातून गिरमिटियांची पहिली जहाजं तिथे लागली. १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार माणसं अशी नेली गेली. एकाची मजुरी पाडण्यासाठी दुसऱ्याला आणलं गेलं. आफ्रिकी आणि भारतीय यांच्यातला दुरावा तिथे मुळात रक्तातून आलेला नाही, तो मळेवाल्यांच्या हिशेबातून आलेला आहे. जगन यांना हे फार लवकर उमगलं, आणि माझ्या मते त्यांचं मोठेपण तिथूनच सुरू होतं.

१९३६ साली ते अमेरिकेला शिकायला गेले. आधी वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ, जिथे बहुतेक विद्यार्थी कृष्णवर्णीय होते, मग शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात दंतवैद्यकी. वर्णभेद काय असतो ते त्यांनी तिथे रोज पाहिलं. शिकागोतच त्यांना जॅनेट रोझेनबर्ग भेटल्या. ज्यू कुटुंबातली, डाव्या विचारांची ही मुलगी. १९४३ मध्ये दोघांनी लग्न केलं, दोन्ही घरांची नाराजी पत्करून. राजधानी जॉर्जटाउनला जगन यांनी दवाखाना उघडला आणि जॅनेट तिथे मदतनीस म्हणून उभ्या राहिल्या. पण दवाखान्यापेक्षा बैठकाच वाढत गेल्या. १९४७ मध्ये ते कायदेमंडळावर निवडून आले.

पुढच्याच वर्षी एनमोरच्या मळ्यावर संप झाला. ऊस तोडणाऱ्यानेच तो पडावात, म्हणजे सपाट बोटीत, भरायचाही, अशी पद्धत लादली होती, तिच्याविरुद्ध. १६ जून १९४८ रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच मजूर ठार झाले. त्यांची अंत्ययात्रा एनमोरहून जॉर्जटाउनपर्यंत पायी गेली, जगन दांपत्य तिच्या अग्रभागी होतं. त्या दिवशी त्यांनी आपलं आयुष्य या लढ्याला वाहण्याची शपथ घेतली.

१९५० मध्ये त्यांनी पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टी काढली. सोबत होते फोर्ब्ज बर्नहॅम, आफ्रिकी वंशाचे बॅरिस्टर, कसलेले वक्ते. मळ्यावरचा भारतीय मजूर आणि शहरातला आफ्रिकी कामगार एका झेंड्याखाली आला. शंभर वर्षांपासून एकमेकांसमोर उभी केलेली माणसं शेजारी उभी राहिली, ही त्या देशाच्या इतिहासातली सर्वांत सुंदर घटना आहे असं मला मनापासून वाटतं. एप्रिल १९५३ मध्ये प्रौढ मताधिकारावर पहिली निवडणूक झाली. २४ पैकी १८ जागा पक्षाला मिळाल्या.

सरकार टिकलं १३३ दिवस. साम्यवादी कट शिजतो आहे असं म्हणत लंडनने सैन्य उतरवलं आणि राज्यघटना स्थगित केली. जगन यांनी हालचालीवरचे निर्बंध मोडले म्हणून १९५४ मध्ये त्यांना तुरुंगात टाकलं. आणि १९५५ मध्ये जे व्हायला नको होतं ते झालं : बर्नहॅम वेगळे झाले. फूट सुरुवातीला निव्वळ वांशिक नव्हती, दोन्ही गटांत दोन्हीकडची माणसं होती. पण मतं हळूहळू वंशावर विभागली. गावोगाव ‘अपन जात’, म्हणजे आपल्याच वंशाला मत द्या, ही हाक फिरू लागली. जगन यांनी ती दिली नव्हती, पण तिचा फायदा त्यांच्या पक्षाला होत होता, आणि ती मोडून काढण्यासाठी त्यांनी पुरेसं केलं नाही, ही टीका मला रास्त वाटते.

१९५७ आणि १९६१ अशा दोन्ही निवडणुका ते जिंकले. ऑक्टोबर १९६१ मध्ये ते अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना भेटले, पण क्यूबातल्या साम्यवादी क्रांतीने धास्तावलेल्या वॉशिंग्टनचा विश्वास बसला नाही. १९६३ मध्ये त्यांच्या सरकारविरुद्ध ८० दिवसांचा सार्वत्रिक संप झाला, त्याला सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचा पैसा होता. दंगलींत घरं जळाली, माणसं मेली, शेजारी शेजाऱ्याला सोडून गेला. त्याच वर्षी घटनेचा वाद मिटेना, तेव्हा जगन, बर्नहॅम आणि युनायटेड फोर्स या तिसऱ्या पक्षाचे पीटर द’अगियार या तिन्ही पुढाऱ्यांनी निर्णय ब्रिटिश सरकारवर सोपवणाऱ्या पत्रावर सही केली.  ज्यांनी दहा वर्षांपूर्वी आपलं सरकार पाडलं त्यांच्याच हाती निवाडा देणं, ही जगन यांच्या कारकिर्दीतली सर्वांत महागडी सही. निवाडा आला तो प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याचा. डिसेंबर १९६४ मध्ये सुमारे ४६ टक्के मतं आणि ५३ पैकी २४ जागा घेऊन ते सर्वांत मोठा पक्ष ठरले, तरी सत्ता बर्नहॅम यांच्या आघाडीकडे गेली. २६ मे १९६६ चं स्वातंत्र्य जगन यांनी विरोधी बाकावरून पाहिलं.

त्या बाकावर ते २८ वर्षं बसले. १९६८ पासूनच्या निवडणुका उघडउघड लबाडीच्या होत्या. १९७३ मध्ये मतपेट्या लष्कराने उचलून नेल्या, अडवणाऱ्या दोघांना गोळ्या घातल्या. जगन यांनी बंदूक उचलली नाही, देशही सोडला नाही. ते गावोगाव सभा घेत राहिले, लिहीत राहिले. शीतयुद्ध संपल्यावर वॉशिंग्टनची भीती ओसरली आणि ५ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या देखरेखीखाली खरी निवडणूक झाली. वयाच्या ७४ व्या वर्षी जगन अध्यक्ष झाले.

तिजोरीत होतं कर्ज, दोनशे कोटी डॉलरच्या आसपास. उत्पन्नाचा मोठा वाटा त्याच्या हप्त्यांतच जात होता. पंतप्रधानपदी त्यांनी आफ्रिकी वंशाच्या सॅम्युएल हाइंड्स यांना घेतलं. पण १९५३ ची ती एकजूट परत आली नाही. मतदार अजूनही बऱ्याच अंशी वंशावरच मत देत होते. ६ मार्च १९९७ रोजी, अध्यक्षपदावर असतानाच, वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात जगन यांचं निधन झालं. त्याच वर्षी डिसेंबरात जॅनेट अध्यक्ष म्हणून निवडून आल्या, आणि त्या निकालावरून जॉर्जटाउनच्या रस्त्यावर पुन्हा तोच जुना संघर्ष उसळला.