मावळ कुठं लागतो?

श्रोतेहो, नमस्कार.

आज एक साधा प्रश्न घेऊन बसलोय. पुण्यातून पश्चिमेला निघालात, तर मावळ कुठं लागतो? टोलनाका लागतो तसा मावळ लागत नाही, हे मलाही कळतं. पण गाडीत बसलेल्या पोराने विचारलं, "बाबा, आला का मावळ?" तर "हो, आला" असं कुठल्या वळणावर म्हणायचं?

मावळ म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण पंचाईत तिथंच सुरू होते. मावळती ही जो तो आपल्या दारात उभं राहून ठरवणार. हडपसरच्या माणसाला कोथरूड मावळतीला आणि कोथरूडकराला भूगाव. भूगावात जाऊन विचारलंत तर ते हात आणखी पुढं करतील.

आता म्हणाल, बारा मावळांची यादी आहे की. आहे ना. म्हणून दाखवतो, बोटं मोजा. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, कोरबारसे मावळ, पौड खोरं, मुठे खोरं, मोसे खोरं, कानद खोरं, गुंजण मावळ, वेळवंड खोरं, हिरडस मावळ आणि रोहिड खोरं. झाले बारा? ही एक यादी. दुसऱ्या पुस्तकात पाहा, त्यातलं एखादं गळलेलं असतं आणि भलतंच एखादं शिरलेलं असतं, पण बेरीज बाराच. आपल्याकडे बलुतेदार बारा, माणूस बारा गावचं पाणी प्यायलेला, कामाची वाट लागली की तिचेही बारा वाजतात. वर जुन्नरकडचे बारा मावळ वेगळेच, भीमनेर, मीननेर, कुकडनेर अशा नावांचे. तिकडे आज वळत नाही, नाहीतर वेळेचेच बारा वाजतील.

यातली गोम एवढीच, की मावळ काय आणि खोरं काय, दोन्ही शब्द नदीच्या दरीला लावलेले. पवनेची दरी तो पवन मावळ, आंद्रेची दरी तो आंदर मावळ, मोसेची ते मोसे खोरं. दोन दऱ्यांच्या मध्ये डोंगराची धार. लोहगड-विसापूरची रांग घ्या. तिच्या उत्तरेला पडलेला थेंब इंद्रायणीत जातो, दक्षिणेला पडलेला पवनेत. म्हणजे एका मावळाची दुसऱ्या मावळाशी असलेली शीव स्वच्छ आहे. पश्चिमेची शीव तर त्याहून स्वच्छ. कड्यावर जाऊन खाली पाहा, खाली कोकण. भाकरीचा तुकडा मोडावा तशी जमीन मोडलेली. तिथं तंटा नाही.

तंटा आहे तो पूर्वेला. पुन्हा सांगतो, पश्चिमेला कडा आहे, तिथं वाद नाही. वाद पूर्वेच्या अंगाचा, म्हणजे आपल्या पुण्याच्या अंगाचा.

सरकारला विचारावं, तर सरकारचे मावळ दोन. एक मावळ तालुका, कचेरी वडगावला. दुसरा मावळ लोकसभा मतदारसंघ, २००९ साली त्याची पहिली निवडणूक झाली. त्यात पनवेल आहे, कर्जत आहे आणि उरणही आहे. उरण! जिथं सकाळी दारात कोळीण येते, तो भाग मावळात. आणि पौड खोरं, मुठे खोरं, गुंजण मावळ, म्हणजे यादीतली अस्सल घराणी, ती मत देतात बारामतीला. मी यावर टीका करत नाही. लोकसंख्या मोजून मतदारसंघ आखावे लागतात, ते मला मान्य आहे. पण नाव तरी दुसरं द्यायचं होतं. नावाला काही खर्च येत नाही.

तालुक्यांवरून जावं, पौड खोऱ्याचा मुळशी तालुका सबंध मावळ धरावा, तर संगणक कंपन्यांची हिंजवडीही मुळशी तालुक्यातच. तिथल्या बाराव्या मजल्यावर वातानुकूलित खोलीत बसलेला मुलगा मग मावळा म्हणायचा की काय? आणि बांधकामवाल्यांच्या पाट्या तुम्ही वाचल्या असतील. टेकाड दिसलं की 'सह्याद्री', नाला दिसला की 'व्हॅली'. त्यांच्या हिशेबाने मावळ आता पार कात्रजपर्यंत आलाय आणि हप्त्यांवर मिळतो.

असो. या वादात मी कसा सापडलो ते सांगतो, कारण आजचं सगळं भाषण त्या गोष्टीसाठीच आहे.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. असाच एक कार्यक्रम करताना मी बोलून गेलो, "मावळ, म्हणजे अर्थात वडगावचा मावळ तालुका." आठ दिवसांत पोस्टकार्ड आलं. अक्षर ठसठशीत, शाई निळी. मजकूर दोन ओळींचा. "आम्ही पौड खोऱ्याचे. आम्ही मग कुठले? एकदा या, मावळ कुठं लागतो ते तिकिटावर दाखवतो." तिकिटावर दाखवतो! मी चार जणांना कार्ड दाखवलं, कुणाला काही उलगडेना. कुणी म्हणालं, पोस्टाचं तिकीट असेल. कुणी म्हणालं, निवडणुकीचं.

आषाढ संपत आला होता. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून स्वारगेटला गेलो. कार्ड लिहिणारे गृहस्थ उभेच होते. धोतर, टोपी, हातात छत्री आणि बगलेत नातवाची पत्र्याची कंपासपेटी. एसटीतून निवृत्त झालेले वाहक. सारी नोकरी याच रस्त्यावर, पुणे ते पौड आणि पौडच्या पुढं मुळशीपर्यंत. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणू लागलो.

गाडी निघाली. चांदणी चौक मागे पडला तशी नानांनी कंपासपेटी उघडली. आत पातळ कागदाच्या चिठ्ठ्या, तिकिटाच्या मापाच्या, एकीवर एक रचून रबराने बांधलेल्या. मोठ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल, तेव्हा वाहकाच्या हातात तिकिटांचा ट्रे असायचा. रंगीत गठ्ठे, अंगठ्याने एक तिकीट सरकवायचं, टक्‌ करून पंच मारायचा आणि फाडून द्यायचं. नानांनी त्याच सवयीने अंगठा फिरवला. एक चिठ्ठी सुटी होऊन वर आली. "सुट्टं," ते म्हणाले आणि पेटी मिटली.

भूगाव. अंगठा, चिठ्ठी, "सुट्टं." भुकूम, "सुट्टं." पिरंगुटचा घाट चढताना पाऊस आला, चांगला जोराचा. मला वाटलं, आता काहीतरी होणार. नानांनी खिडकीची काच वर ओढली, अंगठा फिरवला. "सुट्टं." मी म्हटलं, "अहो, पाऊस तर लागला." ते हसले. म्हणाले, "साहेब, पडणारा पाऊस पुण्यालाबी आहे. तिकिटाला पाऊस लागत नाय, हवा लागते. हवेतच पाणी पायजे."

घोटवडे फाटा गेला, भरे गेलं. गाडीत आता ओल्या घोंगडीचा वास. बायकांच्या डोक्यावर प्लास्टिकचे घोंगते. पौडच्या स्टँडवर अर्धी गाडी रिकामी झाली, तेवढी पुन्हा भरली. नानांनी अंगठा फिरवला. चिठ्ठी आली, पण तिच्या पाठीला दुसरी अर्धवट चिकटून आली आणि मग सुटली. नाना माझ्याकडं न बघता म्हणाले, "उंबऱ्यात आलं."

पौड सोडलं. रस्ता डोंगराच्या कुशीत शिरला. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, कुठं लावणी संपलेली, कुठं बायका ओळीने वाकलेल्या. मालं गाव यायचं होतं अजून. एका वळणावर रस्त्याखालून पाणी जाणारी मोरी होती, शेजारी एक उंबर. ना गाव, ना पाटी, ना थांबा. नानांनी अंगठा फिरवला आणि तीन चिठ्ठ्या एकदम आल्या, गालाला गाल लावून. त्यांनी त्या तशाच माझ्या तळहातावर ठेवल्या.

"हितून," ते म्हणाले.

मग समजावून सांगितलं. पावसाळ्यात ट्रेमधली तिकिटं दमट व्हायची, एकाऐवजी दोन जायची आणि रात्री हिशेबात पैसे कमी भरायचे. ते भरायचे खिशातून. त्यामुळे कुठल्या वळणापासून सांभाळायचं, हे वाहकाच्या अंगठ्याला पाठ. पंचाचा आवाजही बदलायचा. पुण्यात टक्‌, इकडं फस्स. नव्या वाहकाला ते सांगायचे, "पोरा, तिकीट चिकटलं की मावळ लागला समज."

मी खूश. रेडिओवाल्याला आणखी काय हवं? तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक आजी मागे वळली. एवढा वेळ ऐकत असणार. "काय शोधताय रं?"

"मावळ, आजी," मी म्हटलं.

"मावळ? आन् हितं?" आजी हसायलाच लागली. "ह्यो मुळशी तालुका. मावळ पल्याड, डोंगराच्या. माझं माहेर हाय तिकडं, काल्याला. लग्न होऊन हितं आले तवापासनं मला समदी मावळीण म्हणत्यात."

गाडीत हशा. नानांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पौड खोऱ्याचा मावळपणा सिद्ध करायला माणूस कंपासपेटी घेऊन निघालेला आणि पौड खोऱ्यातलीच सासुरवाशीण सांगते, मावळ इथं नाहीच. पण वाहक तो वाहक, वाद घालण्यात जन्म गेलेला. त्यांनी विचारलं, "आजी, माहेरी भाकरी कशाची होती?"

"तांदळाची. न्हाईतर नाचणीची."

"आन् हितं?"

"हितंबी तीच की."

"मग सासरी येऊन बदललं काय?"

आजीने जरा विचार केला. "डोंगराची बाजू," म्हणाली आणि पुढं वळून बसली.

परतताना मी नानांना विचारलं, मग ही मोरी म्हणजेच शीव, असं मी रेडिओवर सांगू का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. जून लागताना तिकीट पार मुळशीला गेल्यावर चिकटायचं, श्रावणात कधीकधी पिरंगुटलाच. बहात्तरच्या दुष्काळात तर म्हणे मुळशीपर्यंत सुटंच राहिलं. "त्या साली मावळ आलाच नाय," नाना म्हणाले.

आणि टेपरेकॉर्डरचं काय? रात्री येऊन टेप लावली. सबंध टेपवर पाऊस आणि गाडीच्या वायपरचा कर्र-कर्र. नाना नाहीत, आजी नाही. दमट हवेने यंत्राचाही मावळ केला होता. म्हणून आज तोंडी सांगतोय.

या गोष्टीत बराच वेळ गेला, बाकीचं आता भरभर सांगतो.

नानांच्या अंगठ्याला जे कळत होतं, ते पर्जन्यमापकातही दिसतं. लोणावळा पुण्यापासून साधारण ६५ किलोमीटर. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस, लोणावळ्याला चार हजारांच्या वर. ढग कोकणातून येतात, कड्याला धडकून वर चढतात, माथ्यावर रिते होतात आणि पुण्याला उरलंसुरलं मिळतं. हा उतार जिन्यासारखा नाही, घसरगुंडीसारखा आहे. घसरगुंडीवर पायरी कुठली दाखवणार? पश्चिमेला कडा, पूर्वेला घसरगुंडी, एवढं लक्षात ठेवा.

म्हणून पीकही हळूहळू बदलतं. पश्चिमेला खाचर, वैशाखात राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजल्याचा धूर, वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर नाचणी-वरई. पूर्वेला येता येता ज्वारी-बाजरी. मधल्या गावांत एकाच शिवारात खाली भात आणि माळावर ज्वारी. भातावरून आठवलं. इंद्रायणी तांदूळ निघाला तो वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात, १९८७ साली, आंबेमोहराच्या रक्ताचा. आणि लोक तो कुकरमध्ये पाच शिट्ट्या देऊन लापशी करतात! पातेल्यात करा, मंद आचेवर, पाणी बेताचं. माझ्या घरात हे कुणी ऐकत नाही, निदान तुम्ही ऐका.

पाण्यावरून शीव ठरवावी, तर तेही सरळ राहिलेलं नाही. मुळशीचं धरण झालं, ज्याच्या विरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, त्याचं पाणी डोंगर पोखरून कोकणात भिऱ्याला वीज करायला उतरवलं. जो थेंब मुळा नदीतून पुण्याला यायचा, तो उलट मावळतीला गेला. खोऱ्याचं पाणी खोऱ्यात राहिलं नाही, मग खोरं कशावरून ओळखायचं?

जुन्या काळी गावशिवेचा तंटा लागला, की गावच्या महाराची साक्ष अखेरची मानत. शीव त्याच्या पायाखालची. कोणता बांध, कोणता दगड, कोणतं झाड, सगळं त्याला ठाऊक. मोठेमोठे देशमुख त्याच्या शब्दावर थांबत. ज्याला गावात शिरताना हजार बंधनं, त्याच्याच शब्दावर गाव कुठं संपतं ते ठरायचं. हा विषय एका भाषणाचा आहे, पुन्हा कधीतरी.

गेल्या महिन्यात मी पौडला जाऊन आलो. वाहकाने यंत्रातून तिकीट काढून दिलं. गुळगुळीत कागद, एकच एक, चिकटायला दुसरं तिकीटच नाही. तरी सवयीने अंगठा फिरवला. पौड येईपर्यंत छपाई पुसट झाली होती. पुढं त्या मोरीपर्यंतही गेलो. मोरी आहे. उंबर रस्ता रुंद करताना गेला.

काचेपलीकडून खूण झालीय, दोन मिनिटं राहिली. एक काम तुमच्याकडे सोपवतो. पौड खोऱ्याचं नानांनी सांगितलं. मुठे खोऱ्याचं मला माहीत नाही. खडकवासल्यापासून वर, धरणाच्या दोन्ही काठांनी राहणाऱ्या श्रोत्यांनी कळवावं, तुमच्या घरी रोजची भाकरी कशाची होते आणि शेजारच्या गावात कशाची? गावाचं नाव लिहायला विसरू नका. भाकरी आजी करत होती तेव्हाची वेगळी असेल, तर तीही लिहा. पत्ता नेहमीचाच.

नमस्कार.