पिशवी चढवण्याआधी

नमस्कार. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरहून सकाळची एसटी पकडून ज्या आशाताई आज नाशिकला आल्या आहेत, त्यांच्याकडे बघूनच बोलतो. आजचा विषय, म्हणजे रक्त चढवण्याआधी नमुना काढून ठेवणं, सर्वांत आधी त्यांच्याच हातात येतो.

दीड वर्षाचा एक मुलगा आजीच्या कडेवर आमच्याकडे आला होता. ओठ पांढरेफटक, डोळे पिवळे. आजी म्हणाली, "डॉक्टर, चार दिवसांपूर्वी याला कोऱ्या चहासारखी लघवी झाली." थंडी पडली म्हणून ट्रंकेतली गोधडी काढली होती. तिच्या घड्यांत डांबरगोळ्या होत्या आणि त्यातली एक पोराने तोंडात घातली होती.

आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका रुग्णालयात त्याला रक्त चढवलं होतं. ते योग्यच केलं. हिमोग्लोबिन चारवर आलेलं मूल थांबू शकत नाही. पण पिशवी लावण्याआधी नमुना कुणी काढून ठेवला नव्हता. आम्ही लाल पेशींतल्या जी६पीडी या एन्झाइमची तपासणी केली, ती नॉर्मल आली. ते एन्झाइम अर्थातच रक्तदात्याचं होतं.

लाल पेशीला केंद्रक नसतं, मायटोकॉन्ड्रिया नसतात. १२० दिवसांच्या आयुष्यात तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही, जन्मताना मिळालेल्या शिदोरीवरच दिवस काढावे लागतात. जी६पीडी हे त्या शिदोरीतलं एक एन्झाइम. ते कमी असेल तर एरवी काही जाणवत नाही. डांबरगोळीतलं नॅप्थॅलीन किंवा मलेरियाची प्रायमाक्विन पोटात गेली, की पेशी पटापट फुटतात. शिवाय आधी फुटतात त्या म्हाताऱ्या पेशी, ज्यांच्यात एन्झाइम सर्वांत कमी असतं. उरतात त्या कोवळ्या. म्हणून रक्त न चढवलेल्या मुलाचीही ऐन आजारपणातली तपासणी फसवू शकते. तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते, आणि नेमकी तेव्हाच माणसं परत येत नाहीत. शेतीची कामं असतात, पोर खेळायला लागलेलं असतं.

इथे जनुकीय तपासणी उपयोगी पडते. ती पांढऱ्या पेशींतल्या डीएनएवर होते, त्यामुळे रक्त चढवल्यानंतरही बहुतेक वेळा उत्तर मिळतं. या मुलात जी६पीडीचा 'ओरिसा' नावाचा बदल सापडला. भारतातल्या आदिवासी समाजांत तो बऱ्याच ठिकाणी आढळतो. 'केरळ-कल्याण' नावाचाही एक बदल आहे, आणि त्यातलं कल्याण म्हणजे आपलं कसाऱ्याच्या घाटाखालचं कल्याण.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याला ते आईकडून येतं, म्हणून मामाची चौकशी करायची. आई स्वतः ठणठणीत असते, तिची एन्झाइम तपासणीही कधी नॉर्मल येते. तिच्यात दोष आहे का, हे डीएनएच नीट सांगतो. पण एक गोष्ट कळकळीने सांगतो: हा रिपोर्ट सुनेला बोल लावण्यासाठी वापरू नका. अशा घरात मी मायलेकींना खाली मान घालून बसलेलं पाहिलंय, आणि ते मला आजही सहन होत नाही.

आपल्या पश्चिम पट्ट्यात सिकलसेलची तपासणी आता ओळखीची झाली आहे. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. काम मोलाचं आहे. पण 'सिकल निगेटिव्ह' आलं की पुष्कळदा शोध तिथेच थांबतो. सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा दोष. एन्झाइमचा दोष त्या तपासणीत दिसतच नाही. पायरुव्हेट कायनेज या एन्झाइमची कमतरता घ्या. आईवडील दोघंही वाहक असतील तरच ती मुलात उतरते. जन्मापासून डोळे पिवळे, प्लीहा वाढलेली. आणि घरचे वर्षानुवर्षं कावीळ उतरवून घेत फिरतात. ही कावीळ यकृताची नसते, फुटलेल्या रक्तपेशींची असते. २०२२ मध्ये अमेरिकेत मोठ्यांच्या या आजारासाठी मिटापिव्हॅट या औषधाला मान्यता मिळाली, म्हणजे नेमकं निदान आता उपचारापर्यंत नेऊ शकतं. उलटही होतं. पेशीच्या आवरणाच्या एका आनुवंशिक आजारात प्लीहा काढली तर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा मोठा धोका असतो. तिथे ऑपरेशनआधी जनुकाचा रिपोर्ट हातात हवा.

जनुकाची तपासणी मात्र पहिली पायरी नव्हे. आधी स्लाइड, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघणं; मग रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या लाल पेशींची मोजणी; आणि कूम्ब्स, म्हणजे शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे पेशी फुटतायत का याची तपासणी. त्यावरून दिशा ठरते. नाहीतर एकदम अनेक जनुकांचा महागडा पॅनेल करून 'अर्थ अनिश्चित' असा शेरा हाती येतो आणि आईवडील तो कागद घेऊन दारोदार हिंडतात.

म्हणून आशाताईंनो, सिस्टरांनो, फिकट आणि पिवळं मूल दिसलं, रक्ताची पिशवी मागवली गेली, की तेवढ्यात जांभळ्या टोपणाची एक नळी भरून घ्यायला सांगा. दोन मिली पुरे. वर नाव, तारीख, वेळ आणि 'रक्त चढवण्याआधी' हे दोन शब्द. नळी फ्रीजमध्ये ठेवायची, फ्रीजरमध्ये नाही, आणि लवकर प्रयोगशाळेत पाठवायची. याआधी कधी रक्त चढवलं असेल तर ती तारीखही लिहा.

तो मुलगा आता अंगणवाडीत जातो. कोणती औषधं टाळायची याचा कागद आईने त्याच्या लसीकरण कार्डाला टाचून ठेवलाय. मामाचीही तपासणी झाली. दोष त्याच्यातही निघाला. आजीच्या ट्रंकेत आता कडुनिंबाचा पाला असतो.