चार वर्षं लक्षात ठेवणारं चाक

मंडळी, विषय स्वतंत्र घड्याळजींचा, म्हणजे मोठ्या कंपनीत नोकरी न करता स्वतःच घड्याळं रचून बनवणाऱ्या कारागिरांचा आहे, पण आधी एक चाक फळ्यावर काढतो. ते कळल्याशिवाय या कारागिरांचं मोठेपण कळत नाही.

तारखेचं साधं घड्याळ प्रत्येक महिना ३१ दिवसांचा धरतं, म्हणून त्याला वर्षातून पाचदा हात लावावा लागतो. पर्पेच्युअल कॅलेंडरला, म्हणजे महिन्यांची लांबी आणि लीप वर्ष स्वतः सांभाळणाऱ्या घड्याळाला, लागत नाही, कारण त्यात चार वर्षांत एक फेरा घेणारं चाक असतं. त्याच्या कडेवर ४८ महिने मांडलेले. ३१ दिवसांचे २८, तिथे कड पूर्ण उंच. ३० दिवसांचे १६, तिथे उथळ खाच. फेब्रुवारीच्या चार खाचा खोल, त्यातली लीप वर्षाची किंचित कमी. मोठ्या तरफेची चोच या कडेवर टेकते. खाच जितकी खोल, तितकी तरफ मागे जाते आणि महिनाअखेरीला तारखेचं ३१ दात्यांचं चाक तितकं जास्त ढकलते. साध्या वर्षी २८ फेब्रुवारीच्या रात्री चार दाते, की समोर १ मार्च. ना बॅटरी, ना चिप!

काकाजी विचारताहेत, यात पोळा कळते का? नाही बाप्पा. पोळा तिथीचा, आणि अधिक महिना या चाकाला ठाऊक नाही. तबकडीवरच्या चंद्रावरून अमावस्या मात्र कळते. त्याचं चाक ५९ दात्यांचं, म्हणजे साडेएकोणतीस दिवसांचे दोन महिने. खरा चांद्रमास त्याहून पाऊण तासाने मोठा, म्हणून अडीच वर्षं उलटली की चंद्र एका दिवसाने चुकतो.

आता तक्रार, आणि ती पोटतिडकीची आहे. ही घड्याळं झिजून कमी आणि घाईने जास्त मरतात. रात्री साधारण आठपासून पहाटे तीनपर्यंत तरफ दात्यांत अडकलेली असते. तेव्हा तारीख बदलायची बाजूची कळ दाबली की चोच तुटते, नाहीतर दाता वाकतो. म्हणून आधी काटे फिरवून सकाळचे सहा करा, मगच कळ दाबा, तीही पिनेने नाही, सोबत आलेल्या काडीने. तारीख एक दिवस पुढे गेली? मागे ओढू नका. घड्याळ बंद ठेवा, दिवस उजाडू द्या, मग चावी द्या. दुरुस्तीतही असंच. तारखेचं चाक धरणारी स्प्रिंग ढिली राहिली तर एका रात्रीत दोन दाते सरकतात. फार घट्ट केली तर मध्यरात्री बॅलन्सचा, म्हणजे वेळ राखणाऱ्या डोलत्या चाकाचा, झोका कमी होतो आणि वेळ बिघडते. चुकलेल्या घड्याळजीला बोल लावण्याआधी हे बघा भाऊ.

अध्यक्ष वेळ दाखवताहेत, तेव्हा मुख्य मुद्दा भरभर सांगतो. स्वतंत्र घड्याळजीची ओढ घड्याळं कमी निघतात म्हणून नाही. तरफ ज्याच्या डोक्यात आली, तोच बाकावर बसून तिची चोच घासतो, त्यामुळे दुखणं त्याला थेट दिसतं. स्वेंड अँडरसन आणि विन्सेंट कालाब्रेझे यांनी १९८५ साली अशा कारागिरांची संघटना उभी केली. स्टीफन मॅकडॉनेल यांनी २०१५ मध्ये एमबी अँड एफ या घड्याळ कंपनीसाठी केलेल्या रचनेत मोठी तरफच नाही. महिना मुळात २८ दिवसांचा धरलाय आणि लागतील तेवढे दिवस जोडले जातात. तारीख बदलत असताना कळा आपोआप निकामी होतात. मघाची तक्रार तिथे मिटली.

राहिलं २१००. ते साल लीप नाही, पण ४८ महिन्यांचं चाक २९ फेब्रुवारी दाखवेलच. अँडरसन यांनी १९९६ मध्ये तेही सांभाळणारं घड्याळ केलं. त्याची रचना फळ्यावर काढायला दहा मिनिटं लागतील. ज्यांना हवी त्यांनी सभेनंतर थांबावं.